पहिल्या पायलीचा ओरडा

डोळखांब, गुरुवार संध्याकाळ

आज आबा बोलले! अजून खरं वाटत नाही.

रेडिएशनचा शेक देऊनही आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घशातला कॅन्सर परत आला, तेव्हा ऑपरेशनने गुण येईलच असं डॉक्टरही ठामपणे सांगेनात. स्वरयंत्रच काढलं. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकावर बोट ठेवून बोलायला दवाखान्यात शिकवलं, पण आबांना त्या आवाजाची लाज. परवा तपासणी स्वच्छ आली, तरी घरात ते आपले खुणांनीच बोलायचे.

आज खळ्यावर भात मोजायचं होतं. दरवर्षी पायली आबांच्या हातात असते, यंदा त्यांनी माझ्याकडे दिली. मी पहिली पायली ओतली आणि खुशाल म्हणाले, "एक!"

पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणतात. एवढी वर्षं ऐकतेय, कशी विसरले मी?

आबा ताडकन उठले. बोट गळ्यावर.

"एक नाय गो! लाभ! लाभ म्हण!"

घोगरा, पत्रा घासल्यासारखा आवाज, पण काय तो जोर! सासूबाई हातातलं सूप टाकून रडायला लागल्या. पुन्हा बोट गळ्यावर: "रडतेस काय, भात सांडला!" मग त्या हसायलाच लागल्या.

पुढच्या वर्षीही मी पहिल्या पायलीला 'एक'च म्हणणार.