तीनशे बारा सभासद आणि एक ‘हो’

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकवलं तेवढं गोड मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला, की अजून डॉक्टरांना नावं ठेवण्यातच दिवस जातोय?

पत्राचं कारण तुझं वाचनालय. गुरुवारच्या बैठकीत ग्रंथपालबाईंना घरी पाठवायचा ठराव येणार, कारण त्यांच्या संगणकावरून तीनशे बारा सभासद एका दमात पुसले गेले. अध्यक्ष म्हणून सही करण्याआधी एवढं वाच. तो प्रोग्राम आमच्या कंपनीचा, आणि त्यातलं ‘काढून टाका’ हे बटण ज्याच्या गळ्यात पडलंय तो इसम म्हणजे मी.

मावशी, हा प्रोग्राम भलताच चौकस. पावती छापायची? खात्री आहे? खिडकी बंद करायची? खात्री आहे? (माझ्या लग्नात मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं.) सगळे सभासद पुसतानाही तोच प्रश्न, त्याच सुरात. काही बिनसलं की ‘त्रुटी ४०७’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. ४०७ म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक होतं तो नोकरी सोडून गेला; त्याच्याच जागी मला घेतलंय.

साहेबांनी मला हे संदेश सुधारायला बसवलं. मी आधी अदबशीर, सात ओळींचा संदेश लिहिला आणि बाईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी एक अक्षर न वाचता ‘हो’ दाबलं! मी कपाळाला हात लावला. तर म्हणाल्या, “अहो, दिवसातून शंभरदा विचारणाऱ्याला माणूस हो-हो करूनच वाटेला लावतो.” माझे डोळे खाडकन उघडले. आता प्रोग्राम फुटकळ कामांना तोंडच उघडत नाही. पुसायची वेळ आली तरच सांगतो, ‘तीनशे बारा सभासद कायमचे जातील’, आणि खाली दोन बटणं, ‘सगळे काढून टाका’ आणि ‘राहू द्या’. अडलं तर म्हणतो, ‘काहीही पुसलेलं नाही. या सभासदाकडे दोन पुस्तकं आहेत. ती परत आली की नाव काढा.’ काल नमुन्याच्या यादीवर बाईंनी हे वाचलं, माउसवरचा हात झटकन मागे घेतला आणि ओरडल्या, “अगंबाई, सगळेच?” मला इतका आनंद झाला की मी साहेबांशी हस्तांदोलन केलं.

कागदी अर्जांवरून बाईंनी दोनशे नावं पुन्हा भरली आहेत. बाकीची या आठवड्यात होतील. अशा बाईंना काढू नका.

तुझा भाचा

ता. क. काकांना मध चाटायला सांग.

ता. क. दुसरा : सभासद पुसले गेले त्या दिवशी बाई खुर्चीत नव्हत्याच. त्या अर्जांची फाइल आणायला उठल्या आणि त्यांना शिकवायला आलेला मी त्यांच्या जागी बसलो. एक खोटं नाव घालून पुसून दाखवणार होतो, निवडले गेले सगळे. प्रश्न आला, मी न वाचता ‘हो’ दाबलं. बाई आजवर गप्प आहेत (“तुमची नोकरी नवी आहे,” म्हणाल्या). मला झोप लागत नाही. हे पत्र बैठकीत मोठ्यानं वाच आणि ठरावात नाव घालायचंच तर माझं घाल. फक्त आईला तूच सांग, माझी छाती होत नाही.