इरल्याखालची पोर

बाई, एक चित्र दाखवायचं होतं.

टॅबवर आहे, सेकंडहँड घेतलेल्या, कोपऱ्यात काच तडकलीय. मी सध्या पोलादपुरात असतो, एसटी स्टँडच्या मागे एका खोलीत. त्याआधी कशेडी घाटातल्या एका ढाब्यावर होतो, त्याआधी चिपळूणला मोबाईलच्या दुकानात, मध्ये बरेच दिवस ट्रकवर. हे सांगत बसलो तर चित्र राहील. चित्रात एक लहान पोर आहे, भाताची लावणी करतेय. डोक्यापासून पाठीवर पानांचं इरलं, पाय चिखलात, हातात रोपांची मूठ. पुण्यात एक ताई लहान मुलांची पुस्तकं काढतात, त्यांनी फोनवर माझी चित्रं बघून हे काम दिलं. पुस्तकभर हीच पोर दिसणार, म्हणून ती आधी पक्की करायचीय, आज संध्याकाळपर्यंत. कच्चं चित्र बघून ताई म्हणाल्या, "किती गोड हसते! हीच ठेवू." मित्रांना फोनवर पाठवलं तर "भावा, एक नंबर", "लय भारी", आणि आगीची चिन्हं. शेजारच्या खोलीतल्या कंडक्टरना दाखवलं, ते म्हणाले, "मस्त हाय की. चेहरा हसरा हाय." ही पोर नक्की करतेय काय, असं कोणी विचारलं नाही.

तुम्ही विचारलं असतं. शिमग्याच्या पालखीचं माझं चित्र तुम्हाला आठवतं का? तुमच्याकडे असे ढीग यायचे म्हणा. मी नाते गावाहून एसटीने महाडला शाळेत यायचो, वह्या निम्म्या वेळा घरीच राहायच्या, पण हे चित्र जपून आणलं होतं. माझा मुंबईचा काका पालखी खांद्यावर घेऊन नाचतोय, छाती पुढे, दंड फुगलेले, आणि पायात बूट. कागद वर्गात फिरला आणि पोरं हसत सुटली. "देवाच्या पालखीला बूट! गुरव हाणील रे तुला!" मी म्हटलं, "मुंबईला असतो तो, त्याच्याकडं बूट हायेत." मग तर बाकं वाजवायला लागले. तुम्ही हसला नाहीत असं लिहिणार होतो, पण हसलात, पदर तोंडाला लावून. मग कागद हातात घेऊन म्हणालात, "बूट काय, कधीही निघतील. ह्याचे गुडघे छान आलेत. गुडघे तू खरंच बघितलेस. आता सांग, पालखी जड असते का?" "लय जड, बाई." "मग ह्याच्या अंगात ते वजन कुठं दिसतंय?"

मला आणि बाजूच्या पोराला तुम्ही बाक खांद्यावर घ्यायला लावलंत. "हं, नाचा आता." मागून कोणीतरी ओरडलं, "देव पाडतायत रे हे!" तुमचं लक्ष माझ्याकडे. "मान कुठं गेली तुझी? आणि तो मोकळा हात?" मान आपोआप एका बाजूला गेली होती, हात कमरेवर टेकला होता. मी टेकवला नव्हता, तोच गेला. मग तुम्ही माझ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून दोनच रेघा मारल्यात, एक मानेची, एक कमरेची. पोरांच्या कागदाला तुमची पेन्सिल कधी लागली नाही. मी त्या रेघा गिरवायला हात पुढे केला, तर तुम्ही तो कागद घडी करून पर्समध्ये टाकलात. "ह्या माझ्या. तू तुझ्या शोध." लय राग आला होता. काढून द्यायला काय जात होतं बाईंचं?

पुढच्या सुट्टीत नवीन चित्र घेऊन मी तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात घावणे घालत होतात. हात पिठाचे, म्हणून कागद मीच समोर धरला. तुम्ही इतका वेळ बघत राहिलात की माझे दंड दुखायला लागले. "आता ह्याच्या खांद्यावर काहीतरी आहे," म्हणालात. "आणि बूट?" मी म्हटलं, "ते देवळाच्या पायरीशी काढून ठेवलेत, बघा." पायरीशी खरंच दोन बूट काढले होते मी. तुम्ही हसत बसलात आणि तव्यावरचा घावणा करपला. तो तुम्ही स्वतःला घेतलात.

तुम्ही गेलात ते मला कशेडीत कळलं. दरड आलेली, ट्रकांची रांग, आणि एका मित्राचा मेसेज. ड्रायव्हरने विचारलं, "कोण होती?" म्हटलं, "चित्रकलेच्या बाई." तो म्हणाला, "आमच्याकडं पीटीवालाच चित्रकला घ्यायचा," आणि मग त्या पीटीवाल्याच्या गोष्टी सांगत राहिला. रस्ता मोकळा होईपर्यंत मी ऐकत होतो. मध्ये एकदोनदा हसलोही.

आज बाहेर ढोल वाजतायत, शिमगाच आहे, मुंबईवाल्यांच्या गाड्यांनी रस्ता भरलाय. मी दार लावून, पाठीवर चादर घेऊन, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन खोलीत वाकून उभा राहिलो. लावणी करताना मान वर येतच नाही, बाई. डोळे पुढचं रोप कुठं रोवायचं तिथंच असतात. आणि माझी पोर मान वळवून आपल्याकडे बघून हसतेय. ती लावणी करत नाहीये, फोटो काढून घेतेय. मान खाली घातली तर ताईंना आवडलेलं हसूच जातं, हसू गेलं तर कदाचित कामही जाईल. शेवटी घातली. आता इरल्याखाली नुसता गाल दिसतो आणि थोडं नाक. ताईंना पाठवलंय. त्यांनी उघडून बघितलंय, उत्तर अजून नाही.

आज उभा राहिलो असं वर लिहिलंय, ते तसं नाही. चादर, कोथिंबीर सगळं परवाच झालं. चूक परवाच दिसली होती, आणि कशी सुधारायची तेही कळलं होतं. तरी आजपर्यंत तशीच ठेवली. परवाच दुरुस्त केली असती तर तुम्हाला दाखवायला काही उरलं नसतं.