सतरावा संदर्भ

ती. आईस,
लांबूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. काळजी करू नकोस.

सरांचा आणि माझा शोधनिबंध लिहून झालाय. फक्त संदर्भांची यादी लावायची राहिली होती. कोणाचं म्हणणं कुठून घेतलं ते लेखक, वर्ष, पान असं नियतकालिकाला हवं तसं लिहायचं. तुझ्या डाळ निवडण्यासारखंच, मान मोडून करायचं काम.

सतराव्या संदर्भाचा पानक्रमांक सापडेना, म्हणून ग्रंथालयातून मूळ लेख मागवला. त्यात आम्ही लिहिलंय त्याच्या अगदी उलट आहे. मी तो संदर्भ दुसऱ्याच्या यादीतून उचलला होता, त्याने तिसऱ्याच्या. मूळ लेख कोणी उघडलाच नव्हता. आमचा निम्मा निबंध त्यावर उभा आहे गं.

सर म्हणाले, "सगळेच देतात तो. तू यादी नीट लाव, बस."

मी म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः वाचलाय का?" लहानपणी तू मला विचारायचीस, तोच प्रश्न तोंडून निघून गेला. चार दिवस झाले, ते माझ्याशी बोललेले नाहीत. निबंध टेबलावर तसाच पडलाय. निघेल काहीतरी मार्ग.

बाबांची तपासणी झाली ना? दादा कळवतो, सगळं ठीक आहे. त्याला वहिनीने सांगितलं, वहिनीला तू, आणि तुला खुद्द बाबांनी. आई, रिपोर्ट कोणी उघडलाय का?

तू स्वतः वाच, आणि कागदावर आहे तेवढंच मला लिही.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी