उतरणीवरच्या वेली आणि तिसरा हिस्सा

बिस्मिल्ला. मी हाज्जा दलेन्दा, हमीदा बागवाल्याची मुलगी, वय वर्षं एकोणऐंशी, राहणार केलिबिया, किल्ल्याखालची वाट, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे गेले आहेत, पण नोटरी सी तय्यब म्हणतात की मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी दमदाटी केलेली नाही. या घरात दमदाटीचं काम आजवर माझ्याकडेच होतं.

कागद करण्याचं कारण एकच. माझे डोळे मिटल्यावर समुद्राकडच्या उतरणीवरच्या द्राक्षवेली उपटून तिथे बंगले उभे राहू नयेत, आणि माझ्या धाकट्या मुलाने सोडलेली बायको सीहेम, हिला तिथून कोणी हुसकावू नये. बाकी सगळं ओघाने आलं आहे.

कलम १. मला दोन मुलगे. थोरला अब्दलकाफी, याचं गावात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे आणि नमाज एकही चुकत नाही. धाकटा नाजेम, पालेर्मोला असतो. तिथे नक्की काय करतो ते मी विचारायचं सोडून दिलं. नवरा अल्लाघरी गेला. दुसरा वारस नाही. कायद्याप्रमाणे मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मला माझ्या मनाने देता येतं, आणि तेही वारस नसलेल्यालाच. उरलेले दोन हिस्से मुलांचे, मी त्यांच्यावर कितीही चिडलेली असले तरी.

कलम २. राहतं घर आणि सपाटीवरची ऑलिव्हची झाडं दोघांनी निम्मी-निम्मी घ्यावीत. थोरल्या सूनबाईंना हे घर अंधारं वाटतं. त्यांनी दिवा लावावा.

कलम ३. तांब्याचं मोठं कुसकुसपात्र शेजारीण मन्नूबिया हिला. तसंही तिच्या मुलीच्या लग्नापासून ते तिच्याचकडे आहे. माझ्या बापाचा छाटणीचा कोयता सीहेमला. खालच्या मळ्यातल्या मोख्तारला काहीही नाही. त्याच्या शेळ्यांनी माझ्या कोवळ्या वेली खाल्ल्या, त्यातच त्याचं सगळं पोचलं.

कलम ४. समुद्राकडची उतरण, तिच्यावरच्या सगळ्या वेली, खालचं तळघर, टाक्या आणि द्राक्षं दाबायचं यंत्र मी सीहेमला देत आहे. का, ते लिहिणं कायद्याला गरजेचं नाही. मला आहे.

उतरण माझ्या बापाची. नुसते दगड आणि वारा. वारा असा की वेली उभ्या राहायचं नावच घेत नाहीत, जमिनीला धरून बसतात. आम्ही जन्मभर मुस्कात जातीची द्राक्षं काढली आणि सहकारी संघात घातली. संघ साखर मोजून पैसे देई, म्हणून मणी पिवळेजर्द होऊन मधमाश्या घोंघावायला लागेपर्यंत घड वेलीवरच ठेवायचे. पुढे त्याची वाइन होते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

सीहेम लग्न होऊन आली ती काफकडून, गव्हाच्या मुलखातून. वेल तिने पाहिलेली नव्हती. पहिल्याच हंगामात विचारते, “उम्मी, हे सगळं जातं कुठे?”

“संघात.”

“आणि मग?”

“मग पैसे येतात. जेव आता.”

ती गप्प बसणाऱ्यातली नाही. एक दिवस बसने गेली आणि अंगावरच्या चादरीत लपवून संघाच्या वाइनची बाटली घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरात, हरीसाच्या, आमच्या लाल मिरचीच्या चटणीच्या, बरणीशेजारी, तिने ती उघडली. मी आधी खिडक्या लावल्या, मग वासाने जीव घाबरला म्हणून पुन्हा उघडल्या. ती म्हणाली, “उम्मी, नुसता वास घ्या. पाप लागलं तर माझ्या नावावर.” घेतला. आमच्या उतरणीचाच वास होता, जाईच्या फुलांसकट. इतकी वर्षं आपण काय पिकवत होतो ते मला त्या दिवशी कळलं, हे मी मान्य करते.

तिने एक घोट तोंडात फिरवला आणि मोरीत थुंकला. “सगळं आहे यात,” म्हणाली, “आपला वारा तेवढा नाही. गोडीखाली दबून गेलाय.”

“थुंकायचं तर तोंडात घालायचं कशाला?” मी म्हटलं. हा प्रश्न मी तिला आजही विचारते.

पुढे मी हजला गेले तो ऐन हंगामाचा महिना होता. निघताना तिला बजावून सांगितलं, मी येईपर्यंत एका घडाला हात लावायचा नाही. परत आले तर गाव खजूर-दूध घेऊन दारात उभं, आणि उतरण उघडीबोडकी. हिने गावातल्या बायका लावून, गोडी भरायच्या आतच, अर्धकच्ची द्राक्षं खुडून नेली होती. जमजमचं पाणी वाटायचं राहिलं बाजूला, मी पांढऱ्या कपड्यांत उतरणीवर उभी राहून तिचा उद्धार करायला लागले. ती खालून ओरडली, “हाज्जा, शिव्या दिल्यात तर हज फुकट जाईल!” लोक हसले. उरलेल्या शिव्या मी दुसऱ्या दिवसावर ठेवल्या.

तिने मला विचारायला हवं होतं, हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या कच्च्या द्राक्षांच्या वाइनसाठी पुढच्या वसंतात ट्युनिसहून माणसं आली, मग इटलीहून. परवाना आला, टाक्या आल्या. आता परके लोक माझ्या बापाच्या दगडांवर बसून ग्लास हलवतात आणि म्हणतात, यात समुद्र लागतो. बापाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, समुद्रच हवा तर खाली फुकट आहे.

नाजेमने त्याच सुमारास कोर्टातून घटस्फोट घेतला. आईला फोनसुद्धा केला नाही. सीहेमने बॅग भरली. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, “छाटणी काय तुझा बाप करणार? ठेव ती बॅग.” तिने ठेवली.

कलम ५. तळघरातल्या भरलेल्या बाटल्याही सीहेमलाच. अडचण इथेच होती. समुद्र दिसतो म्हणून उतरणीचा भाव आता असा चढला आहे की उतरण आणि तळघर मिळूनच माझा तिसरा हिस्सा पुरा होतो. वर बाटल्या धरल्या तर तो ओलांडतो, आणि मुलं हक्काने उतरणीचा तुकडा मागू शकतात. बाटल्या नसल्या तर सीहेमकडे पुढचा हंगाम उभा करायला काही नाही. ती मग उतरणच विकेल. म्हणून ईदच्या सुट्टीत मी दोघांना आणि सी तय्यबना जेवायला बोलावलं.

नाजेम म्हणाला, “बाटल्या धरायच्याच. चांगला माल आहे.”

अब्दलकाफीने ताटातला हात काढला. “अस्तगफिरुल्ला! मुसलमानाच्या घरात दारू ही मालमत्ता नव्हे. तिची किंमत शून्य. माझ्या हिश्शात तिचा थेंब जरी मोजला तर मी सही करणार नाही.”

“अरे, शून्य कसं? कळतंय का तुला काय बोलतोयस?”

“धर्म कळतो मला.”

मी म्हटलं, “सी तय्यब, थोरला काय म्हणतो ते लिहा.”

सी तय्यब कानकोंडे झाले. “हाज्जा, सरकारी हिशेबात तिला किंमत असते. पण दोन्ही वारस कबूल असतील तर...”

“मी कबूल नाही,” नाजेम म्हणाला. “एकदा चव घेतली की कोणीही सांगेल काय किमतीची आहे ती.”

“हो का?” मी म्हटलं. “मग सांग भावाला. किती वेळा घेतलीस?”

नाजेमने भावाकडे पाहिलं. भाऊ त्याच्याकडे पाहतच होता. मग नाजेमने पेन मागितलं. बाटल्यांची किंमत शून्य असल्याचा, दोघांच्या सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. माझ्यामागे कोणी शब्द फिरवला तर मन्नूबिया ते गावभर करेल, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही.

निघताना अब्दलकाफी तळघराच्या दाराशी थांबला. आत गेला नाही. बाहेरूनच सीहेमला म्हणाला, “छपराला भेग दिसतेय. उद्या दोन पोती सिमेंट पाठवतो.” माझा थोरला दिसतो तेवढा भोळा नाही, आणि हे मला इतक्या उशिरा कळलं याचा मला आनंद आहे.

कलम ६. सी तय्यब समोर बसले आहेत. म्हणतात, एक वाक्य लिहायलाच हवं, नाहीतर उद्या कोणी कज्जा करेल. म्हणून लिहून देते. सीहेम माझी वारस नाही. ती माझी मुलगी नाही, बहीण नाही, आता सूनही नाही. ती माझी कोणीही लागत नाही.

एवढं लिहिते आहे तोवर ती कॉफी घेऊन आली आणि खांद्यावरून वाचत उभी राहिली. कप खाली ठेवायचं विसरली.

मी म्हटलं, “तोंड कशाला पाडतेस? कायदा आहे हा. मुलीला मुलाच्या निम्मं, म्हणजे माझी मुलगी असतीस तर दोन भावांपुढे तुला पाचवा हिस्सा मिळाला असता. कोणी नाहीस म्हणून तिसरा मिळतोय. फायद्यात आहेस, वेडे.”

ती म्हणाली, “उम्मी, मला पाचवा चालला असता.”

हे बोलणं कलमात बसत नाही, असं सी तय्यब सांगतात. ते खोडायचं नाही, अशी माझी ताकीद आहे.

सही: हाज्जा दलेन्दा बिन्त हमीदा

साक्षीदार:
१. शादली बिन अम्मार, धंदा मासेमारी (सही)
२. मन्नूबिया बिन्त तिजानी, शेजारीण (सही, कुसकुसपात्राचा मजकूर मान्य नाही, बाकी सगळं मान्य)

माझ्यासमोर सह्या झाल्या: तय्यब, नोटरी
केलिबिया, १२ जून २०२५