फाट्यावरचं 'येस'

रवि. ५ जाने.
यावल रस्ता, सायकलवर ३८ किमी. अकरा जण. थंडी मरणाची. हातमोजे विसरलो ते मीच, आणि ग्रुपवर 'हातमोजे विसरू नका' हा मेसेज टाकणाराही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

नवा नियम आजपासून. कुठलाही फाटा आला की एक जण पुढे जाऊन पलीकडे उभा राहणार. मार्शल, नारंगी जाकीट. अलीकडून मी विचारणार, "क्लिअर?" रस्ता मोकळा असेल तर त्याने म्हणायचं "येस", गाडी असेल तर "नो". बस्स, दोनच शब्द. मागच्या महिन्यात पाच जण पाच तऱ्हांनी ओरडत होते. "या या", "हां", "थांबा जरा, हां, चला". रस्त्यावर वाक्यं कसली करता!

मार्शल केलं नानांना. कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर, वय ६८, मूळ दोंडाईच्याकडचे, आता इथे मुलीकडे असतात. काळी जुनी सायकल, गिअर नाही, तरी सगळ्यांच्या पुढे. ग्रुपातले बाकीचे यावल-रावेर-भुसावळकडचे. नानांची अहिराणी त्यांना अर्धी कळते, उरलेल्या अर्धीवर हसतात.

'नो' नानांच्या तोंडात बसेना. 'नही' म्हणतात. सगळ्यांसमोर तीनदा घोटून घेतलं. "नाना, नही नाही. नो." पोरं खिदळली. नानाही हसले. "सर, शाळा सोडाले पन्नास वरीस व्हयनात, तुम्ही माले परत बाकवर बसाडं."

ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो मी. घोटून घेणं हा धंदाच आहे.

गुरु. ९ जाने.
भाजी बाजारात नाना भेटले. "सर, तुमनं गाव कोनतं?" धुळे, म्हणालो. "धुळं का धुळाकडलं खेडं?" धुळे, म्हणालो परत. "सूर वळखीना वाटस तुमना." ओळखीचा सूर! मी मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत बसलो.

माझं गाव दोंडाईच्यापासून सात कि.मी. आहे. त्यांच्या गावची जत्रा मी लहानपणी पाहिलेली. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पंचवीस वर्षं सांगितलं नाही, आता मध्येच कुठे.

रविवारी भरीत-राइड. तापीपलीकडे ग्रुपातल्या किरणच्या मळ्यात. वांगी माझ्याकडे.

रवि. १२ जाने.
दुपार.
ग्रुपातल्या मेघाताईंना अपघात. पुलाच्या पुढचा फाटा. आडव्या रस्त्याने केळीची पिकअप आली. उजव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं, गुडघा फाटला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. शुद्धीवर आहेत. पिकअपवाला पळाला नाही, घड खाली टाकून त्यानेच गाडीत घातलं, दवाखान्यात आणलं.
वांग्यांची पिशवी दवाखान्यातल्या बाकाखाली राहिली.
पुढचं नंतर.

सोम. १३ जाने.
ओळीने लिहितो.
फाट्याला केळीची बाग रस्त्याला अगदी चिकटून आहे. अलीकडून आडवा रस्ता दिसतच नाही. दिसतो तो फक्त पलीकडे उभ्या माणसाला. तिथे नाना. अलीकडे मी, माझ्यामागे चार सायकली अंतर ठेवून मेघाताई, बाकीचे बरेच मागे. मी विचारलं, "क्लिअर?" नाना दोन्ही हात हलवत ओरडले, "येस! येस!" मी मागे न बघता हाताने खूण केली, चला. मी पार झालो. मेघाताई झाल्या नाहीत.

दवाखान्यात सगळ्यांनी नानांना घेरलं. किरण म्हणाला, "नाना, गाडी दिसली नाही का तुम्हाला?"
"दिसनी ना."
"दिसली? मग येस कसं म्हणालात?"
"येस म्हनं मी. खरं शे. पन..." आणि तिथेच अडले. माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, "जाऊ द्या रे आता. वय झालंय त्यांचं."

वाक्य माझं आहे. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष.

मंगळ. १४ जाने.
संक्रांत. सौ.ने तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणाली. गोडच तर बोलतोय.

लिहून टाकतो, निदान इथे. आमच्या अहिराणीत 'येस' म्हणजे येतो, येते. बस येस. पाहुना येस. गाडी येस. नाना रस्ता मोकळा आहे असं सांगतच नव्हते, गाडी येते आहे म्हणून जीव तोडून ओरडत होते. घाईच्या वेळी माणूस घोटवलेलं बोलत नाही, आईकडून आलेलं बोलतो.

नियम करताना जगातल्या सगळ्या शब्दांतून मी नेमका हा निवडला. आणि हा शब्द मी बोलायला लागलो तेव्हापासूनचा. जीभ इतकी घासून काढली की त्याचा दुसरा अर्थ आठवलासुद्धा नाही! ग्रुपात तो कळू शकणारा माणूस एकच, आणि तोच हात हलवून सगळ्यांना गाडीपुढे बोलावत होता.

नाना भांडत नाहीत, कारण 'येस' म्हणालो हे त्यांना आठवतंय. नियम काय? गाडी दिसली की नो. म्हणजे चूक आपली, असा साधा हिशोब त्यांनी करून टाकलाय. एका वाक्यात सुटला असता. ते वाक्य फक्त माझ्याकडे होतं. लाज वाटते. नुसती लाज.

शुक्र. १७ जाने.
किरणने ग्रुपवर लिहिलं, साठीच्या पुढच्यांना मार्शल करू नये. लगेच अंगठे. ॲडमिन मी, तेव्हा नीट शब्दांत नियम मलाच लिहावा लागला. 'सुरक्षिततेच्या दृष्टीने ज्येष्ठ सदस्यांवर ही जबाबदारी सोपवू नये असे ठरले आहे.' 'सुरक्षितते' मधला रस्व दीर्घ दोनदा तपासला. आणि वरच्या ओळीत 'रस्व' लिहिलंय. ऱ्हस्व. असू दे.

नानांचा मेसेज एकच. 'बराबर शे.' दहा मिनिटांनी ग्रुपमधून बाहेर पडले.

फाट्यावर गतिरोधक आणि वळणावर आरसा बसवा, असं निवेदन द्यायचं ठरलंय. मसुदा माझा. अपघाताचं कारण काय लिहू? 'समन्वयाचा अभाव' लिहिलं. असे शब्द मला पटकन सुचतात.

रवि. १९ जाने.
पाच जणच आले. यावल रस्ता नको म्हणाले सगळे, पाळधीकडे जाऊन आलो. पोहे खाल्ले, पांगलो.

निघायच्या आधी नानांची मुलगी वर्षा आली होती. नारंगी जाकीट धुऊन, इस्त्री करून, पिशवीत. "बाबांची सायकल मी कुलूप लावून ठेवलीय सर. तेच म्हणाले लाव म्हणून."
मी म्हटलं, का, तब्येत?
"तब्येत ठणठणीत आहे. पण डोकं काम करत नाही म्हणतात. गाडी दिसत असून येस कसं गेलं तोंडातून, एवढंच धरून बसलेत. काल दूध आणायला निघाले, रस्ता ओलांडायला उभे राहिले ते उभेच. मला फोन केला. म्हणे रस्ता मोकळा दिसतोय, पण तू येऊन बघ." डोळे पुसले तिने. मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सांभाळून घेतलंत, सर. नाहीतर लोक काय काय बोलले असते."
अहो, त्यात काय, म्हणालो मी!

ते जाकीट कुणी घालायला तयार होईना. माझ्याच हँडलला लटकवून घरी आणलं.

मंगळ. २१ जाने.
स्टाफरूममध्ये असताना मायचा फोन. "कव्हय येस रे भाऊ?" कधी येतोस, एवढंच विचारत होती. मी मात्र दचकलो, तोच शब्द. उठून व्हरांड्यात गेलो. तिच्याशी बोलायला मी नेहमीच व्हरांड्यात जातो. "येईन, परीक्षा आटोपल्या की." ती म्हणाली, "मन्हासंगे पुस्तकनी भाषा काबर बोलस रे? मी का तुन्ही साहेब शे?" हसून ठेवला तिने फोन. मला हसू आलं नाही.

अजून एक आहे. १४ तारखेला लिहिलं नव्हतं.

मी फाट्याच्या मध्यावर असतानाच मला कळलं होतं. नानांचा तो दुसरा 'येस' वर चढला ना, तिथेच. गावच्या स्टँडवर माय असंच ओरडायची, पिशव्या उचल, बस येस. कळलं, अगदी लख्ख. मागे वळून 'थांबा' म्हणायला वेळ होता. फार नाही, पण होता. मी पॅडल मारलं. जोरात मारलं, आणि पार झाल्यावर मागे बघितलं.

हे मी सौ.लाही सांगितलेलं नाही. रस्ता सुरक्षेवर दरवर्षी मुलांना तासभर बोलतो मी.

गुरु. २३ जाने.
मेघाताईंकडे गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. त्या घरी ब्लाउज शिवतात. मशीनवर चादर टाकलेली, कोपऱ्यात कापडांचे गठ्ठे, परत द्यायचे. "लग्नसराई गेली, सर. कात्री धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात दीड महिना, मग बघू." हात गळ्यात. सासूबाईंनी चहा केला.

सुरुवात केली होती मी. "ताई, त्या दिवशी नानांनी..."
"नानांचं नावच नको सर. राग नाही माझा, म्हातारं माणूस. पण मला समोर नको आहेत ते. परवा आले होते दारापर्यंत, सासूबाईंनी तिथूनच परत पाठवलं." मग थोडं थांबून, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला येस ऐकू आलं, तुम्ही हात केला. तुमचा हात दिसला म्हणून तर मी ब्रेक सोडला. सर बघून घेतात सगळं, हे माहीत असतं ना."

चहा पिऊन झाला. लवकर बऱ्या व्हा, म्हणालो. मूग गिळून बाहेर पडलो. रस्त्यावर आल्यावर स्वतःला दोन शिव्या दिल्या, त्याही प्रमाण मराठीत.

नाना दारावरून परत गेले. तिळगूळ घेऊन गेले असतील. नक्कीच तेच.

शनि. २५ जाने.
संध्याकाळ. नानांकडून आत्ताच आलो.

ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. "या सर," म्हणाले, पाट सरकवला. मी पाटावर न बसता खालीच बसलो. येताना मनात वाक्यं जुळवली होती, 'मला आपल्याला काही सांगायचे आहे' वगैरे. एकही तोंडातून निघेना. मग दुसरंच निघालं.

"नाना, तुम्ही बराबर सांगं व्हतं. गाडी येस, अशेच सांगं तुम्ही. इंग्रजीमजारलं येस नही ते. मीच चुकनू. मी बी तठलाच शे, तुमनाच बाजूना."

त्यांचा हात थांबला. मग सावकाश, एकेक शब्द चाचपत, "गाडी येस... अशे म्हनं मी?"
"हा."
"म्हंजे डोया बराबर शेत मन्हा?"
"बराबर शेत."
"आनि डोकं?"
"डोकं बी."

उपरण्याने तोंड पुसलं त्यांनी. वर्षाला हाक मारली, पण ती आल्यावर काही सांगितलं नाही, नुसतं पाणी मागितलं. वाटलं, झालं, सुटलो. तेव्हाच त्यांनी विचारलं, अगदी हळू, न रागावता. "मंग तठे दवाखानामा, बठ्ठासमोर, तू काबर नही बोलना?"

आजवर 'सर, तुम्ही' होतं. आज पहिल्यांदा 'तू'.

उत्तर होतं माझ्याकडे. तिथे बोललो असतो तर ती भाषा मला येते, हे बाकी सगळ्यांना कळलं असतं. आणि मग, कळत होतं तर थांबला का नाहीस, हेही कुणीतरी विचारलं असतं. शेंगा सोलायला घेतल्या, तर त्यांनी सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

पॅडलचं त्यांनाही सांगितलं नाही. नाहीच सांगितलं.

उद्या ग्रुपची २६ जानेवारीची रॅली. झेंडावंदन झालं की रस्ता सुरक्षेवर माझं भाषण, दोन पानं, लिहून तयार. मेघाताई रिक्षाने येणार आहेत. मी निघताना नानांनी विचारलं, "सकाय सांगशी का बठ्ठासले?"
"सांगसू," म्हणालो.
"कोनती भाषामा?"

मी चपला शोधत होतो, सापडायला वेळ लागला. ते म्हणाले, मी येईन, मागे उभा राहून ऐकीन.

दोन पानं समोर आहेत. त्यात हे कुठेच नाही. सांगसू म्हणालोय. मेघाताईंच्या दारात जातानाही मनाशी हेच म्हटलं होतं.