पालकसभेला पाठवलेला माणूस

बाई, तुमच्या बालवाडीत दाराशी बसून रडणारा पोरगा, तो मी. बोरी अरबला तुम्ही आम्हाला समाजमंदिरात बसवायच्या आणि माझा बाप दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. आता त्याच दारव्ह्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत. विहिरीवरची मोटर कुरकुरली की शेतकरी मला फोन करतात. मी म्हणतो, फोन मोटरजवळ धर. बेअरिंग गेलं की बुश गेलं, ते गादीवर बसून सांगतो. लोक म्हणतात, याचे कान जप्त केले पाहिजेत. ही बढाई नाही. कशासाठी सांगतोय ते पुढे येईल.

महिन्यातून एकदा आईनं किंवा बापानं येऊन पोराजवळ बसायचं, असा तुमचा नियम होता. माझी माय नव्हती. बापानं आत्याला पाठवलं, तुम्ही तिला चहा पाजून परत धाडलं. शेजारीण पाठवली, तीही परत आली. मग एक दिवस मला कडेवर घेऊन तुम्ही बसनं आलात आणि थेट जिनिंगच्या फाटकात उभ्या राहिलात. बाप बाहेर येतो, त्याच्या केसांत, भुवयांत कापूस. मागून हमाल हसतात, "जाय बे, तुही हजेरी लागून राह्यली." बाप चिडून म्हणतो, "बाई, पोट्टं तुमच्या हवाली केलं ना? मंग मले कायले बोलावता?" तुम्ही आवाज न चढवता म्हणता, "माह्या हवाली केलं तं दुपारी घरी काहून नेता? ठेवा माह्याजवळच." पुढच्या खेपेला बाप आला.

तुम्ही आमच्यापुढे तुरीच्या शेंगा टाकल्या आणि त्याला म्हणालात, सोलता सोलता पोराला काहीबाही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बापाला थांबणं ठाऊक नव्हतं. प्रश्नही तोच विचारायचा, उत्तरही तोच द्यायचा. मग तुम्ही माझ्या पाठीमागे जाऊन अगदी हळू हाक मारलीत. मी वळलो. तुम्ही बापाला म्हणालात, "पाह्यलं? मी पाहून उपेग नाही. हे तुमी पाहावं लागते." तेव्हा मला तो खेळ वाटला होता.

माझी नात आता साडेतीन वर्षांची आहे. ती बोलत नव्हती. आम्ही म्हणायचो, आपल्या घरात पोरं उशिराच बोलतात. चांगल्या शाळेत घातली, दारातून व्हॅन नेते, दारात आणून सोडते. शाळेनं पालकसभा ठेवली की हंगाम असायचा, मुलगा दुकानातून हलू शकत नव्हता, आणि सुनेला एकटीला पाठवायची आमच्याकडे रीत नाही. आपल्याकडे लग्नाला, तेरवीला जाणं जमलं नाही तर घरचा माणूस पाठवतात. माणूस पोचला, तोंड दिसलं, मान राहिला. तसा आम्ही दुकानातला जुना माणूस पाठवला. त्याच्यावर मी गल्ला सोडून जातो, मग पालकसभा काय मोठी? परत आला की मी विचारायचो, "काय म्हणते मॅडम?" तो म्हणायचा, "काही नाही मालक, सब बढिया. पोरगी लई गुणाची आहे म्हणे." आम्ही खूश.

एका दुपारी नात दुकानात माझ्याजवळ वायसर, त्या नटबोल्टाच्या लोखंडी चकत्या, मांडत बसली होती, मोटरीकडे पाठ करून. कामावरच्या पोरानं मोटर तपासायला चालू केली आणि सुकलेलं बेअरिंग असं किंचाळलं की रस्त्यावरचा चहावाला कप घेऊन दचकला. नातीनं वायसरवर वायसर ठेवलं. नुसती मान वळली असती तरी चाललं असतं. मी मोटर बंद करायला लावली, तिच्या मागे गेलो, हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग दुकानातली सगळी माणसं हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहायला लागली, आणि ती मात्र वायसर मांडतच होती.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच ऐकू येत नाही, फार उशिरा आणलं. ऐकायची, बोलायची वाट लहानपणीच पडते. ती बरीचशी बुजली. मी त्या जुन्या माणसाला समोर बसवलं. तो खाली पाहत म्हणाला, "मॅडम दर बारीले सांगे मालक, कान दाखवा, मायबापाले पाठवा. पन तुमच्या घरातली उणीव मी कोन्या तोंडानं सांगू?" तो निरोप आणणं त्याचं कामच नव्हतं, तो आम्ही जाऊन ऐकायचा होता. घरी सून चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "मामाजी, मले शंका होती. पन बोलली असती तं सारे म्हणले असते, हे हिच्या माहेरचं आहे." मुलगा तोंड फिरवून बसला.

तिच्या कानाला ऐकायचं मशीन बसवलं आहे. तिला बोलायला शिकवणाऱ्या ताई म्हणतात, मशीन अर्धंच काम करतं, उरलेलं घरच्यांनी दिवसभर तिच्यासमोर तोंड करून बोलण्याचं आहे, आणि तरीही किती येईल ते सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, याच्यासाठी एखादी बाई ठेवून घेऊ." मी म्हटलं, पुन्हा दुसऱ्यालाच पाठवायचं? आता तो दुपारी जेवायला घरी जातो आणि ताटावर बसून तिला पोळी, पाणी, वरण म्हणून दाखवतो. त्याला थांबणं जमत नाही. संध्याकाळी मी बसतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून न थकणारा मी, 'आबा' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. ती माझ्या ओठांकडे अशी पाहते जणू तिथं काहीतरी खायला ठेवलं आहे. मग खाली पाहते.

हे कागद टपालात टाकायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. परवा संध्याकाळी तिनं तोंड उघडलं आणि काहीतरी आवाज आला. मी धावत आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोरगी 'आबा' म्हणाली. सून रडायला लागली, मुलानं पेढे आणले. आता घरात सगळे तिच्यासमोर बसतात, तो शब्द पुन्हा ऐकायला. बाई, ती म्हणाली नव्हती. तिला जांभई आली होती.