दादाचं सगळं काढून टाक

सोमवार, ३ मार्च

झाली एकदाची नवी वेबसाइट! वेबसाइटवाल्यानं विचारलं, "डोमेनच्या सेटिंगमध्ये तुमच्या भावानं टाकलेले जुने रेकॉर्ड आहेत, ठेवायचे का?" म्हटलं, दादाचं सगळं काढून टाक. नाव, फोटो, रेकॉर्ड — सगळं! वर्कशॉप माझ्या गळ्यात मारून गेला, तेव्हा मला विचारलं होतं का? तेव्हापासून एकटी बसलेय लोकांच्या सोफ्यांच्या स्प्रिंगा बसवत.

संध्याकाळी त्याला वर्कशॉपच्या पत्त्यावरून मेल टाकली. फोन करणार नाही. नंबर ब्लॉक केलाय, तो तसाच राहील! लिहिलं, "बाबांची खुर्ची हवी असेल तर गुरुवारपर्यंत कळव. नाहीतर विकते."

बुधवार, ५ मार्च

उत्तर नाही.

गुरुवार, ६ मार्च

आजही नाही! मेलबॉक्स एकदम थंड. गिऱ्हाइकंही गप्प. बरंय, हातातली कामं तरी उरकतील. पण दादा! एक ओळ लिहायला हात झडले का याचे? लहानपणी याच खुर्चीसाठी माझ्या झिंज्या ओढायचा. "मी मोठा, मी बसणार!" आता साधं हो-नाही फुटत नाही तोंडातून.

शुक्रवार, ७ मार्च

विकली. जुन्या फर्निचरचा व्यापारी टेम्पो घेऊन दारावरूनच चालला होता, त्याला हाक मारली. खुर्चीच्या डाव्या हातावरचं पॉलिश उडालंय म्हणून कुरकुरला. बाबा बोलताना तिथं अंगठा घासायचे. "घ्यायची तर घ्या," म्हटलं. टेम्पो गेल्यावर रडू आलं, त्याचाही रागच आला. बस म्हणावं आता बोंबलत!

शनिवार, ८ मार्च

कापडवाल्याचा फोन — "ताई, कधीचा मेल करतोय, तुम्हाला पोचतच नाहीये!" वेबसाइटवाल्याला धरलं. म्हणे, "तुमची मेल कुठे पोचवायची ते सांगणारे रेकॉर्डही भावानंच टाकलेले. तुम्हीच म्हणालात, सगळं काढ." अरे गाढवा, तुला तरी कळायला नको? चांगली खरडपट्टी काढली. रेकॉर्ड परत टाकलेत त्यानं. वाटेत अडकलेल्या मेल्स येतील म्हणतो.

शनिवार, संध्याकाळ

आल्या. सगळ्यात खाली दादाची, मंगळवारी सकाळची.

"विकू नकोस गं. मला न्यायची नाहीये, तिथेच असू दे, तूच बसत जा. फक्त एकदा येऊन बसू का तिच्यावर? तू हो म्हणालीस तरच येईन."

टेम्पो कुठल्या गावचा होता, मी विचारलंसुद्धा नाही.